सरोजाअक्का आणि बसची पहिली पायरी

मागं उभ्या राहिलेल्या बायकांनो, पुढं या. खुर्च्या रिकाम्या आहेत. अक्काचा तेरावा काल झाला. आज तुम्ही सगळे कामधाम टाकून आपल्या मराठी लोकांच्या या हॉलात आलात, बरं वाटलं. मला बोलायची कधी अडचण पडली नाही, हे तंजावूरच्या भाजीबाजाराला माहीत आहे. कागद आणलेला नाही. पाचवीत माझी तमिळ शाळा सुटली, आपली मराठी अक्षरं मला वाचता येत नाहीत. जे आठवेल ते बोलीन. कुणाला लागलं तर लागू दे.

सरोजाअक्का माझी थोरली बहीण. तीन वर्षांची असताना ताप आला आणि दोन्ही पाय गेले. तुमच्यातल्या निम्म्यांची पोरं तिच्या टाइपरायटिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकून नोकरीला लागली. ती खुर्चीत बसून शिकवायची आणि चूक कानानं ओळखायची. पाठमोरी असली तरी म्हणायची, "डाव्या हाताचं बोट आळशी आहे तुझं." मी मेस चालवते. ती शिकली, मी रांधलं. असं आमचं घर चाललं.

तिच्या पायांना लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर होते. ते बनतात मद्रासला. चामडं तुटलं, सांधा झिजला की मद्रास. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळ होईस्तोवर पोचायचं. वर्षातून चार-पाच वेळा. बरोबर मी.

आता बसची पहिली पायरी बघा. तुम्ही रोज चढता, तुम्हाला दिसत नाही. अक्काच्या गुडघ्यापेक्षा वर. मग काय व्हायचं? कंडक्टर ओरडायचा, "या, दोघं जण या, हात लावा!" दोन पुरुष काखेत हात घालायचे, तिसरा पाय उचलायचा. साडी कुठं, पदर कुठं! आत सीटवर ठेवायचे आणि हात झटकत म्हणायचे, "पुण्य मिळालं." अक्का खिडकीबाहेर बघायची. मी म्हणायची, "चांगली माणसं आहेत गं." ती म्हणायची, "चांगलीच आहेत. त्यांना दुसरीकडं पुण्य मिळू दे. मला धरायला एक दांडा मिळू दे."

ती माधवरावांकडं गेली. हो, माधवराव, तुमच्याकडं. पहिल्या रांगेत बसलाय, सगळ्यांत मोठी माळ तुमचीच आहे. बसगाड्या तुमच्या, आणि तुम्ही आपल्यातलेच, म्हणून गेली. ब्लाउजचं माप घ्यायची टेप घेऊन स्टँडवर पायरी मोजली, कुठं दांडा हवा, खाली किती उंचीची घडीची पायरी हवी, सगळं टाइप करून नेलं. तुम्ही कॉफी दिलीत. म्हणालात, "अक्का, आमची माणसं उचलतात की तुम्हाला. कधी नाही म्हटलं का?"

अक्का म्हणाली, "उचलतात, म्हणूनच आले."

काका, तुम्ही अध्यक्ष आहात, मान आहे तुमचा. पण मला हातानं 'पुरे पुरे' करू नका. अजून मुख्य गोष्ट आलेली नाही.

दुसरं पत्र तिनं मला दाखवलं नाही. मीच पोचवलं तरी त्यात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. माधवरावांनी उभ्या उभ्या वाचलं, कानापर्यंत लाल झाले आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. नंतर कळलं. तिनं लिहिलं होतं, गाडी जेवायला थांबते तिथं पायानं अधू बाईला उतरता येईल आणि आडोशाला बसता येईल अशी जागा निवडा. एवढंच. आपल्यात हे कुणी तोंडानं बोलत नाही. तिनं टाइप केलं.

कारण आठ-नऊ तास ती उतरायचीच नाही. कुठं उतरणार? पुरुषांनी उचलून उतरवायचं आणि मग? चिखलात, पायऱ्यांच्या संडासात, तीन पट्ट्यांचे कॅलिपर घेऊन? म्हणून आदल्या दिवसापासून ती पाणी प्यायची नाही.

नाही. असं सांगून मी सुटणार नाही. ती प्यायची नाही असं नव्हे, मी पिऊ द्यायची नाही. आदल्या दुपारीच मी तिच्या जवळचा तांब्या उचलायची. "अक्का, आज ताक नको हं. रसम वाढत नाही, सुका भातच खा." दहीभाताचा डबा बांधून घ्यायची आणि पाण्याची बाटली माझ्या पिशवीत तळाशी ठेवायची. मला वाटायचं, माझ्याएवढी काळजी कोण घेतं! मेसमध्ये जेवायला येणाऱ्या बायकांना मी हे फुशारकीनं सांगायची. अक्काच्या विद्यार्थिनींना सांगायची. "लांब जायचंय ना? आदल्या दिवसापासून पाणी तोड. आमची अक्का बघ." उपाय म्हणून शिकवलं मी.

मागच्या वर्षी माधवराव म्हणाले, नवी गाडी बांधायला टाकली आहे, तीत पायरी करून घेतो. अक्कानं त्या दिवशी इन्स्टिट्यूटमध्ये सगळ्यांना तुपातला गोड केसरी शिरा वाटला. गाडी आली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, आम्ही दोघी बघायला गेलो. काय गाडी! मागं रेलणाऱ्या सीटा, निळे पडदे, पुढं व्हिडिओ. सगळीकडं नवं नवं येतंय म्हणतात ना, तसं आलं. बसमध्ये टीव्ही चढला. माझी अक्का खालीच. पायरी तीच, उंची तीच, दांडा नाही. माधवराव म्हणाले, "बांधणारे विसरले. पुढच्या गाडीत नक्की."

अक्का हसली.

त्याच गाडीनं आम्ही शेवटचं मद्रासला गेलो. परत आल्यावर ताप, थंडी, कंबर दुखायला लागली. मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती पितात या?" मी पुढं होऊन, शहाण्यासारखं, सांगितलं, "प्रवासाला निघताना मी बिलकूल देत नाही, सर." डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, मूत्रपिंडाचं दुखणं एका दिवसाचं नसतं, आणखीही कारणं असतात. मला धीर द्यायला म्हणाले असतील. मला तो धीर नको.

शेवटच्या दिवसांत अक्काला मी विचारलं, "तू मला कधी का नाही म्हणालीस, तहान लागते म्हणून?" ती म्हणाली, "तू आधीच सगळ्यांशी भांडत होतीस. आणखी एक भांडण कुठं लावू?"

माधवराव, मी तुम्हाला एकट्याला दोष देत नाही. तांब्या मी उचलला. पण पायरी तुमची आहे.

ती तिसऱ्या रांगेत सेल्वी बसली आहे. कुबड्या खुर्चीला टेकवलेल्या, ती. अक्काची विद्यार्थिनी. टायपिंगच्या नोकरीसाठी तिला मद्रासचं बोलावणं आलं आहे. येत्या गुरुवारी. परवा माझ्याकडं आली आणि काय म्हणाली माहीत आहे? "चित्ती, बुधवारपासून पाणी बंद करू ना?" माझ्याच तोंडचं वाक्य, माझ्यासमोर. मावशी मानते ती मला. ओरडले मी तिच्यावर. बिचारी रडली.

म्हणून आज विचारते. गुरुवारच्या गाडीला लाकडी पायरी असेल का? घडीची, सीटखाली मावणारी. सुताराकडून दोन दिवसांत होते, मी विचारून आले. दाराजवळ लोखंडी दांडा, ते तर वेल्डरचं तासाभराचं काम. आणि गाडी थांबेल कुठं? ड्रायव्हरला फुकट जेवण देतात त्या हॉटेलपाशी, की जिथं या मुलीला सपाट जमिनीवरून आत जाता येईल तिथं?

मान डोलावू नका. तोंडानं सांगा. इतके लोक आहेत.

काय? मोठ्यानं.

"करतो." ऐकलंत सगळ्यांनी? करतो म्हणाले. 'पुढच्या गाडीत' म्हणाले नाहीत. बरं. गुरुवारी सकाळी मी स्टँडवर येते. पायरी नसेल तर गाडीपुढं बसेन, आणि मला उचलायला चार जण लागतील, दोघांनी जमायचं नाही.

सेल्वी, बुधवारी जेवायला माझ्याकडं ये. रसम वाढीन, ताक वाढीन. दोन तांबे पाणी पिऊन मगच हात धू.

आता दोन मिनिटं शांत राहायचं म्हणतात. अहो, उठू नका! बसा. काका, तुम्हीही बसा. कुठंही गेलं की "सगळे उभे राहा" म्हणायचे आणि अक्का जमिनीकडं बघत बसायची. तिच्यासाठी तरी उभं राहू नका. जिथं आहात तिथं बसून राहा, ती बसायची तशी.

अक्का, नमस्कार करते तुला. आता मी गप्प बसते.