टपावरचे बुडबुडे

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा व आमच्या तंत्रनिकेतनाच्या प्राचार्या, आदरणीय मॅडम. वाडीहून मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे व आमच्याच विभागाचे माजी विद्यार्थी, माननीय स्वानंद सर. ऑटोमोबाइल विभागाचे सर्व गुरुजन. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते आमच्या मॉडेल कक्षाचे सहायक रुपराव काका. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी यमुताई. आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, आपणा सर्वांना सविनय नमस्कार.

मला सभेत बोलण्याची सवय नाही. अंतिम वर्षात पहिली आले, म्हणून माझे नाव वक्त्यांच्या यादीत आले. भाषणाची चार पाने लिहून आणली आहेत. त्यांतली तीन मात्र मी बाजूला ठेवते. त्यांत काकांच्या अठ्ठावीस वर्षांच्या सेवेचा गौरव आहे, आणि तो करण्यापूर्वी मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शाल अजून तबकात आहे, तोवरच.

काकांच्या सेवेची चार वर्षे शिल्लक आहेत. तरीही येत्या एकतीस तारखेला ते स्वेच्छानिवृत्ती घेत आहेत. अर्जात कारण दिले आहे: दृष्टी मंदावल्यामुळे काम अचूक होत नाही. हे कारण खरे आहे का? मी नम्रपणे सांगते, ते खरे नाही.

पाहुण्यांसाठी थोडे विस्ताराने सांगते. आम्ही स्पर्धेसाठी मोटारीची हातभर लांबीची बॉडी तयार करतो. आधी ती मातीत घडवायची. यंदाची घडवायला काकांना दोन महिने लागले. मग तिच्यावर सिलिकॉन ओतून रबरासारखा मऊ साचा घ्यायचा. त्या साच्यात रेझिन ओतायचे. रेझिनचे दोन द्रव असतात. ते काट्यावर समसमान तोलून एकत्र केले, की काही मिनिटांत घट्ट होतात. मागची तीन वर्षे काकांनी ओतलेली बॉडी साच्यातून निघे ती न्हाऊन आल्यासारखी नितळ. यंदा एप्रिलपासून पाच ओतल्या. पाचही वेळा रेझिन फसफसले आणि गाडीच्या टपाची बुडबुड्यांनी चाळण झाली.

पहिल्या वेळी दुर्गेश म्हणाला (तो समोरच बसला आहे, त्याची आधीच माफी मागते), "काका, हे गाडी आहे का अनारसा? खसखस टाकाची राहिली."

"थांब गा, तुलेच चारतो पहिले," असे म्हणून काकाच सर्वांत मोठ्याने हसले.

तिसऱ्या वेळी कोणी हसले नाही. काकांनी चष्मा दोनदा पुसला. चौथ्या वेळी काट्यावरचा आकडा त्यांनी मला वाचायला सांगितला. मी वाचला, तो अगदी बरोबर होता. तरी रेझिन फसफसलेच. तेव्हा ते म्हणाले, "श्वेता, मन नको राखू वं माहं. खरं वाचत जाय."

पाचव्यानंतर त्यांनी अर्ज लिहिला. यमुताईंनी त्यांना धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. चष्म्याचा नंबर जुनाच निघाला. काकांनी तेही मानले नाही. "डॉक्टरले रेझिन ओतता येते काय?" असा त्यांचा प्रश्न.

मॅडम, वेळेची सूचना दिसली. मला आणखी दोन मिनिटे द्यावीत. इथे थांबले तर पुन्हा बोलण्याचे धैर्य होणार नाही.

एप्रिलमध्ये काय बदलले? काकांचे डोळे नव्हे. आमच्या कक्षात कूलर आला. त्याआधी तिथे फक्त पंखा होता. काका सायकलने उन्हातून येतात, खोली गार मिळावी, म्हणून मी रोज तासभर आधी येऊन कूलरमध्ये पाणी भरू लागले. "काहून वं, इतक्या लवकर येऊन राहिली?" असे ते विचारायचे. मी अभ्यासाचे निमित्त सांगायचे.

रेझिनच्या डब्यासोबत इंग्रजी माहितीपत्रक येते. ते वाचून समजावण्याचे काम काकांनी माझ्यावर सोपवले होते. ओलाव्यापासून जपावे, नाहीतर रेझिन फसफसते, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मी ते वाचले, काकांना सांगितले, आणि आम्ही प्याले, काड्या, हात सारे पुसून कोरडे केले. कूलरने ओली केलेली हवा मात्र मी स्वतःच खोलीत भरत होते. पुस्तकातली ओळ मला कळली. ज्या खोलीत उभी होते ती खोली कळली नाही.

दहा दिवसांपूर्वी दुपारी वीज गेली. कूलर बंद पडला. उरलेले रेझिन वाया जाऊ नये, म्हणून मी टपाच्या लहान साच्यात ते ओतून पाहिले. ते नितळ निघाले. दुसऱ्या दिवशी कूलर चालू ठेवून ओतले, फसफसले. तिसऱ्या दिवशी बंद ठेवून ओतले; पुन्हा नितळ. डबा तोच, काटा तोच.

मग आठ दिवस मी गप्प का राहिले? भीतीने. दोनदा काकांच्या घरी गेले. दोन्ही वेळा यमुताईंनी पन्हे दिले. दोन्ही वेळा ते पिऊन परत आले. पहिल्या क्रमांकाची मुलगी चुकते, हे सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. इकडे एक माणूस मात्र स्वतःचे डोळे गेले असेच धरून बसला होता.

काका, हे दोन तुकडे, एक कूलर चालू असतानाचा आणि एक बंद असतानाचा, मी तुमच्यासमोर ठेवते. चष्मा काढून ठेवा आणि नुसते बोट फिरवून पाहा. एकतीस तारखेपर्यंत अर्ज मागे घेण्याची विनंती करता येते, असे मी आज सकाळी कार्यालयात विचारून आले आहे. मॅडम, ती विनंती आली तर आपण तिचा विचार करावा, अशी माझी प्रार्थना आहे.

आपण सर्वांनी माझे अडखळत झालेले बोलणे शांतपणे ऐकून घेतले, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. निरोपाच्या सभेत निरोपालाच हरकत घेतली, या औचित्यभंगाची क्षमा सभागृहाने करावी. कूलरबद्दल क्षमा करायची ती एकट्या काकांनी. आणि काका, तुमच्याकडून ती आज झाली नाही तरी चालेल. अर्ज तेवढा मागे घ्या.