बुरशी वनस्पती नाही

श्रावस्ती : ते पुस्तक माझ्यासमोरून उचला, नाना. नाहीतर चुलीत घालीन मी.

नानासाहेब : अगं, पण झालं काय? कॉलेजातून आल्यापासनं आतल्या खोलीत दार लावून बसलीस. उद्या सकाळी पेपर. मी आपला वर्गीकरणाचा धडा काढून बसलोय कधीचा.

श्रावस्ती : तोच धडा! त्याच धड्यानं आज माझी इज्जत घालवली.

केशरबाई : दिवे लागायच्या टायमाला कशाला आरडायलीस गं? शेजारपाजार ऐकतंय. दुपारपासनं पोटात घास न्हाय आन् आवाज बघा.

श्रावस्ती : ऐकू द्या, आजी. सगळ्या वर्गानं ऐकलं, आता येरमाळ्यानं पण ऐकावं. हॉल तिकीट आणायला कळंबला गेले, तर सरांनी चाचणीचे पेपर वाटले. वीसपैकी चार! वर माझा पेपर हातात धरून वर्गाला वाचून दाखवला. वनस्पतिसृष्टीचे गट लिहा. मी काय लिहिलं? थॅलोफायटा. त्यात शेवाळ, बुरशी, जिवाणू.

नानासाहेब : बरोबर आहे की.

श्रावस्ती : बरोबर नाही! बुरशी वनस्पती नाही, नाना! जिवाणू वनस्पती नाहीत! सर म्हणाले, हे उत्तर काचेच्या कपाटात ठेवा, जुन्या काळचं आहे. पोरं हसली. ती ढोकीची पोरगी, अयोध्या, ती तर बाकावर डोकं टेकून हसत होती.

नानासाहेब : बुरशी वनस्पती नाही? मग ती… थांब, माझंच चुकत असेल. चष्मा कुठंय? हे बघ. इथं स्वच्छ छापलंय.

श्रावस्ती : कधी छापलंय ते पण बघा. बाबांचा जन्म व्हायच्या आधी!

नानासाहेब : तेव्हा झाडं काय वेगळी होती का?

श्रावस्ती : झाडं तीच आहेत. शास्त्र पुढं गेलं. बुरशीला झाडांतून बाहेर काढलं, तिची वेगळी सृष्टी केली. कधीच.

नानासाहेब : मला कुणी सांगितलं नाही.

श्रावस्ती : तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही प्रयोगशाळेत शिपाई होता, नाना. स्लाइडा धुवायचा, मायक्रोस्कोप पुसून ठेवायचा. दाराशी उभं राहून लेक्चर ऐकलं म्हणून कुणी प्राध्यापक होत नाही.

केशरबाई : ए पोरी! जिभेला हाड न्हाय का तुझ्या? आज्याला आसं बोलतेत व्हय?

नानासाहेब : बोलू दे तिला. तिचं खरं आहे.

श्रावस्ती : हेच! हेच मला आवडत नाही तुमचं. ‘खरं आहे’, ‘माझंच चुकत असेल’. भांडा ना माझ्याशी! एवढी शंका होती स्वतःबद्दल, तर वर्षभर मला शिकवलं कशाला?

नानासाहेब : तू यायचीस विचारायला. आणि मी सांगितलं की तुला समजायचं.

श्रावस्ती : समजायचं! चूकसुद्धा इतकी छान समजावून सांगितली तुम्ही, की मी डोळे झाकून लिहून आले.

केशरबाई : आता झालं ते झालं. दोन घास खा आन् बस आभ्यासाला.

श्रावस्ती : अभ्यास संपला, आजी. मी उद्या पेपरला जात नाही. बाबांना फोन केला मघाशी.

केशरबाई : राजपालला? आन् काय म्हणला त्यो?

श्रावस्ती : म्हणाले, नको जाऊस. रविवारी पुण्याहून येतो, सामान भरून ठेव, लातूरला नर्सिंगला नाव घालू. ते पहिल्यापासून तेच म्हणत होते. नानांनी जिद्द धरली. बीएस्सी कर, वनस्पतिशास्त्र घे. माझी आवड कुणी विचारली? हौस तर यांची होती.

नानासाहेब : माझी हौस होती. नाही म्हणत नाही मी.

श्रावस्ती : मग झालं!

नानासाहेब : नर्सिंग काही वाईट नाही. तुला मनापासून जायचं असेल तर लातूरच्या गाडीत मी स्वतः बसवून देईन, तुझी पेटी डोक्यावर घेऊन. पण हे… हे तू रागानं चाललीस.

श्रावस्ती : रागानं नाही. मला जमत नाही म्हणून चालले. पेपर मराठीत लिहिता येतो, पण पुस्तक सगळं इंग्रजी. सर तेच वाचून दाखवतात. दहावीपर्यंत झेडपीत, मग इथंच शिकलेली पोरगी मी. पहिल्या पानावर सात शब्द अडतात. तुमचं पुस्तक मराठीत होतं म्हणून तर धरलं मी. दुसरं धरायला होतं काय?

केशरबाई : आन् ते कॉलेजचं नवं पुस्तक? कपाटातलं? त्याच्यावर म्या रोज फडका मारते.

श्रावस्ती : तेवढंच कामाचं आहे ते.

नानासाहेब : मला एक सांग. सरांनी विचारलं असेल ना, हे कुणी शिकवलं म्हणून?

श्रावस्ती : विचारलं.

नानासाहेब : काय सांगितलंस?

श्रावस्ती : ते कशाला आता?

केशरबाई : बोल की. मघाशी तर लई आरडत व्हतीस.

श्रावस्ती : मी म्हणाले, जुनं गाइड होतं घरात.

नानासाहेब : गाइड.

श्रावस्ती : तुमचं नाव नाही घेतलं मी.

नानासाहेब : बरं केलंस.

श्रावस्ती : बरं नाही केलं! सर तुम्हाला ओळखतात, नाना! तुमच्याच लॅबमध्ये शिकलेत ते. ‘आमचे नानासाहेब’ म्हणून एकदा वर्गात आठवण काढली होती त्यांनी. तेव्हा मी केवढ्या ताठ्यानं सांगितलं होतं, माझे आजोबा ते! आणि आज नाव घ्यायची वेळ आली, तर मी गाइड म्हणाले. घरी येईपर्यंत जीपमध्ये मला माझीच लाज वाटत होती. आणि त्याचा राग तुमच्यावरच येत होता. तुम्ही बरोबर असता तर मला खोटं बोलावं लागलं असतं का?

केशरबाई : म्हंजे खोटं तू बोलायचं आन् बोलनी त्यांनी खायची. वा गं माझी राणी.

नानासाहेब : केशर, तू थांब जरा. श्रावस्ती, इकडं बघ. मी चुकलो असेन. चुकलोच असेन. पण मी चुकलो म्हणून तू का पळायचं?

श्रावस्ती : मी पळत नाहीये.

नानासाहेब : पळतेस! सामान भरणं म्हणजे दुसरं काय? आणि मी चुकलो, हे तरी कशावरून? सर म्हणाले. पोरं हसली. हसण्यानं काय सिद्ध होतं? जन्मभर ऐकलंय मी हसणं, दाराशी उभं राहून! बुरशी वनस्पती नाही म्हणतेस ना? मग का नाही ते सांग मला. सांगता येत नसेल तर माझंच पुस्तक खरं, आणि तुझ्या सरांनी मला काचेच्या कपाटात ठेवावं!

केशरबाई : आगं बाई. आवाज चढला ह्यांचा. लग्नापासनं पयल्यांदा.

श्रावस्ती : सांगता येत नाही? मला? ऐका मग! वनस्पती स्वतःचं अन्न स्वतः करते. ऊन घेते, हवा घेते, पाणी घेते. बुरशीला हरितद्रव्य नाही. ती दुसऱ्याच्या जिवावर जगते.

नानासाहेब : अमरवेल कुठं हिरवी असते? बोरीवर पिवळ्या दोऱ्यासारखी पसरते, बोरीचा रस पिते. ती वनस्पती नाही?

श्रावस्ती : आहे. अमरवेलीला फूल येतं, बी धरतं. बुरशीला कधी फूल आलेलं बघितलंय?

नानासाहेब : नेच्याला पण फूल येत नाही. शेवाळाला येत नाही. फूल नाही म्हणून घरातून काढायचं?

श्रावस्ती : तेवढ्यावरून नाही काढलं! पेशीची भिंत बघा. झाडाची भिंत सेल्युलोजची असते. अमरवेलीची पण, नेच्याची पण. बुरशीची भिंत चिटिनची.

नानासाहेब : चिटिन म्हणजे?

श्रावस्ती : किड्यांचं वरचं कवच कशाचं असतं? झुरळाचं, नाकतोड्याचं? ते चिटिन. आणि साठवण! झाड पिष्टमय पदार्थ साठवतं. बटाट्यात, ज्वारीत. बुरशी ग्लायकोजेन साठवते. आपल्या यकृतात साठतं तेच. नात्यानं बघितलं तर बुरशी झाडापेक्षा आपल्याला जास्त जवळची आहे.

केशरबाई : कोन? शिळ्या भाकरीवर येती ती? ती आपल्या नात्यातली?

श्रावस्ती : लांबच्या, आजी.

केशरबाई : लई फेकली की गं मग आजवर. आन् पावसाळ्यात तुझ्या मावशीनं अळंबी धाडली व्हती, ती बी बुरशीच म्हणतेत ना? म्हंजे ती भाजी न्हवती? मटण व्हतं व्हय?

श्रावस्ती : मटण पण नाही, आजी! दोन्ही नाही. तिसरंच. तेच तर सांगतेय कधीची!

नानासाहेब : मला पटलेलं नाही अजून. बुरशी जर वनस्पती नाही, तर वनस्पतिशास्त्राच्या पेपरात का येते ती? उद्याच्या तुझ्या पेपरात एक आख्खं प्रकरण बुरशीचं आहे. मी बघितलाय अभ्यासक्रम. झाडांच्या घरात राहते, झाडांच्या पेपरात येते, आणि झाडांची नाही?

श्रावस्ती : ते… ते सवयीनं राहिलंय. आधीपासून वनस्पतिशास्त्रवालेच तिचा अभ्यास करत आले, म्हणून. घरात राहणारं प्रत्येक माणूस काय घरचं असतं का? भाडेकरू असतो की.

केशरबाई : ही गोष्ट पटली बघा मला.

नानासाहेब : जिवाणूंचं काय मग? त्यांना पण भिंत आहे. ते का गेले?

श्रावस्ती : त्यांना केंद्रकच नाही, नाना. म्हणजे नीट बांधलेलं केंद्रक. गुणसूत्र पेशीत मोकळंच असतं, भोवती पडदा नाही. झाडाला आहे, बुरशीला आहे, आपल्याला आहे. म्हणून सगळ्यात आधी त्यांना बाजूला काढलं. हे वर्गीकरण दिसण्यावरून नाही केलेलं. पेशी कशी आहे, खातं कसं, नातं कुणाशी, यावरून केलंय. तुमच्या पुस्तकात जे हलत नाही, चालत नाही, ते सगळं झाडांत कोंबलंय!

नानासाहेब : हे सगळं सरांनी सांगितलं आज?

श्रावस्ती : सर? सर हसले फक्त. आणि तास संपला.

नानासाहेब : मग मोबाइलवर बघितलंस?

श्रावस्ती : मोबाइलची बॅटरी बाबांशी बोलण्यातच गेली. वाचलं मी.

नानासाहेब : कशात?

श्रावस्ती : कशात म्हणजे? पुस्तकात. दुपारपासून आत काय झोपले होते का मी? तुम्ही काय काय म्हणाल ते मला माहीत होतं. म्हणलं, एकेक मुद्दा काढते आणि नानांच्या तोंडावर मारते. तुम्हाला खोटं पाडल्याशिवाय मी या घरातून जाणार नव्हते.

नानासाहेब : कुठल्या पुस्तकात?

श्रावस्ती : त्याच. कपाटातल्या.

नानासाहेब : आण बघू.

(श्रावस्ती आतून पुस्तक आणते आणि त्यांच्यापुढं आपटते.)

श्रावस्ती : घ्या. इथून सुरू होतं. हे बघा चिटिन. हे ग्लायकोजेन. इथं जिवाणू.

नानासाहेब : कडेला पेन्सिलीनं काय काय लिहिलंय.

श्रावस्ती : अडलेले शब्द आहेत ते. तुमचा जुना शब्दकोश होता तिथं फडताळात. रागाच्या भरात उघडला.

नानासाहेब : हे आख्खं प्रकरण वाचलंस?

श्रावस्ती : आख्खं.

नानासाहेब : आणि पुढचं?

श्रावस्ती : अर्धं. अंधार पडला मग.

नानासाहेब : हे इंग्रजी आहे, श्रावस्ती.

श्रावस्ती : इंग्रजीच आहे. मग?

केशरबाई : मग काय? मघाशी तर लई डांगोरा पिटत व्हतीस, वाचता येत न्हाय, वाचता येत न्हाय.

श्रावस्ती : सगळं नाही समजलं. मधला एक तक्ता सोडला मी.

नानासाहेब : तो तक्ता मला तरी कुठं समजतोय. अक्षरं बारीक आहेत, आणि मला… मला हे येत नाही. तुझं तुलाच करावं लागेल आता.

श्रावस्ती : तुम्हाला वाईट वाटलं का? बुरशी गेली म्हणून?

नानासाहेब : वाईट नाही. राग आला. एवढी मोठी उलथापालथ झाली आणि मी त्याच बाटल्या पुसत होतो. ‘थॅलोफायटा’ लिहिलेलं कपाट होतं आमचं. बुरशीच्या बाटल्या त्यातच मांडायचो मी. कुणी म्हणालं नाही, नानासाहेब, ह्या बाटल्या आता दुसरीकडं ठेवा. शिपायाला काय सांगायचं, असंच वाटलं असेल.

श्रावस्ती : मघाशी मी पण तेच बोलले तुम्हाला.

नानासाहेब : बोललीस. लागलं. पण नंतर सांगितलंस ना मला, बाटल्या कुठं ठेवायच्या ते.

केशरबाई : आता मला एवढं सांगा. सकाळच्या गाडीला भाकरी बांधायची का न्हाय? का राजपालला पुन्हा फोन लावायचा? एक काय ते ठरवा, पीठ मळायलेय म्या.

श्रावस्ती : बांधा, आजी. फोन मी करते, मोबाइल चार्ज झाला की.

केशरबाई : म्हंजे मटण न्हाय म्हणतीस तर पिठलंच करते.

नानासाहेब : बस इथं. दिव्याखाली बस. ते माझं पुस्तक सरकव तिकडं… राहू दे, मीच ठेवतो. आता मला सांग, शेवाळ तरी राहिलं का झाडांत?

श्रावस्ती : हिरवं राहिलं, नाना. निळं-हिरवं गेलं.

नानासाहेब : ते पण गेलं?

श्रावस्ती : ते जिवाणूंत गेलं.

नानासाहेब : बरं. का गेलं ते सांग. सावकाश सांग, मी ऐकतोय.