आधी सासूचं

आबासाहेबांचं दुसरं कापडदुकान दसऱ्याला उघडायचं होतं. "तिथला कारभार मी बघू का, मालक?" असं जुन्या गुमास्त्यानं, कुंडलिकानं, कालच विचारलं होतं. "तिथं घरचं माणूस लागतं रे," म्हणून त्याला वाटेला लावलं आणि मेव्हण्याला आणायला ते बार्शीला निघाले. सोलापूर स्टेशनात गाडीची वाट बघत बसले, तर पाठीमागच्या बाकावर दोघी बायकांचं बोलणं रंगात आलेलं.

"रंभाबाई, सुनांना लुगडी घ्यायला आलतीस न्हवं? मग ह्ये तिसरं कुनाचं?"

"माजं!"

"अगं बया! सूर्य पच्छिमेला उगवला म्हन की!"

"आबासाहेबाच्या दुकानात कुंडलिक म्हून हाय बघ. सुना भारीसाठी हटून बसलेल्या, मी हलकंच काढ म्हनत व्हते. दोघींची तोंडं ही एवढी फुगली! त्यानं इरकली लुगडं दारात उनाला नेलं आन् माज्याच हातात दिलं. म्हनला, मावशी, आधी तुमचं बघू, सुनांचं मागनं."

"मग?"

"लगीन होऊन आल्यापासनं मला कुनी इचारलं न्हवतं गं, तुला काय आवडतं म्हून."

"आन् सुनांचं?"

"माजं मन भरल्यावर त्यांना न्हाय कोन म्हनंल? मागतील ती घेतली की!"

"लई गुनाचा. मालकाच्या घरचाच असंल."

"असनारच की! परका कशाला एवढा जीव लावंल?"

गाडी आली. बायका चढल्या. रंभाबाईनं खिडकीतनं हाक मारली,

"अवो दादा, चढा की! गाडी सुटंल."

"सुटू द्या, बाई. घरचं माणूस दुकानातच हाय."