बॉनेटवरचं स्वस्तिक

हं, हार घातलात, बुक्का लावलात, आता सावरून बसा. पूर्वरंगात ज्यांची झोप झाली त्यांनी उत्तररंगात तरी जागं राहावं! मंडळी, मला एक सांगा — वरून रंग फासला म्हणजे आतलं नवं होतं का? माना हलवताय खरं, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते काही कळेना. मग गोष्टच ऐका.

अच्युतराव मेढेकर. बँकेतून निवृत्त, गावात मान. ते बोलणार, समोरच्यानं नुसता हुंकार द्यायचा! अंगणात शेडखाली वडिलांची जुनी फियाट पडलेली. वडील गेल्यापासून तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. रावांच्या मनात आलं, गाडी नवी करायची — घरच्या घरी! कशासाठी? वडिलांच्या आठवणीसाठी? छे हो! दसऱ्याला तालुक्यात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, तिच्यात आपला फोटो यावा म्हणून.

घरात आई, गोदाक्का. ऐंशीच्या पुढची, गुडघे गेलेले. पूर्वी दर दसऱ्याला ती याच गाडीत, नवऱ्याच्या शेजारी बसून डोंगरावरच्या देवीला जायची. त्याच सीटवर बसून एकदा देवी बघायची, एवढीच तिची इच्छा. लेक म्हणाला, "पहिली फेरी तुझीच, आई." शब्द दिला हं! म्हातारीनं त्या दिवसापासून लुगड्याची घडी उशाशी ठेवली.

इंजिन मेकॅनिकनं चालू करून दिलं. रंग मात्र राव स्वतः देणार! आता, रंग द्यायचा तर आधी जुना घासावा लागतो, गंज खरवडावा लागतो. गोदाक्कानं बजावलंसुद्धा, बॉनेट नीट घास हो, दर दसऱ्याला मी तेलात कुंकू कालवून तिथं स्वस्तिक काढायची, तेल मुरलंय तिथं. राव हसले. तू आपलं देवपूजेचं बघ, म्हणाले. मोबाईलवर बघून शिकलेला माणूस तो, आईचं कशाला ऐकेल? घासायला घाम लागतो, फासायला काय लागतं? फासला रंग — लालभडक! बघून भांग पाडावा इतकी चकचकीत झाली गाडी.

दसरा उजाडला. गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. गोदाक्का लुगडं नेसून, काठी टेकत आली — तर पुढच्या सीटवर कोण? कारखान्याचे चेअरमन! राव म्हणाले, आई, तुला उद्या नेतो. वा रे लेका! चेअरमनला आज, आणि जन्म दिला तिला उद्या! म्हातारी पूजेची वाटी घेऊन गाडीपुढं गेली. सवयीनं वाटीतल्या तेलकुंकवात बोट बुडवलं आणि बॉनेटवर स्वस्तिक काढलं.

राव कडाडले. चारचौघांत, आईवर! "रंगाची वाट लावलीस माझ्या!" खिशातला रुमाल काढला आणि लागले घासायला. महिनाभर ज्यानं घासलं नाही, तो सणाच्या दिवशी घासायला लागला! आणि मंडळी, रुमालाबरोबर रंगच निघाला. कांद्याच्या सालीसारखा सुटला. खाली वडिलांच्या वेळचा पांढरा पत्रा, आणि त्यात वर्षानुवर्षं मुरलेलं फिकट तांबूस स्वस्तिक.

चेअरमन आधी हसले, मग उतरले आणि दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसले. राव रुमाल धरून उभे. गोदाक्का जवळ आली.

"रंगाचं राहू दे रे," म्हणाली. "दार उघड, मी बसते."

नेलं का तिला? नेलं की! न नेऊन सांगतो कुणाला? मिरवणुकीत दाखवायला तोंड कुठं उरलं होतं!

हसलात? हसा, हसा. परीटघडीचे कपडे घालून, कपाळी बुक्का लावून पुढच्या रांगेत बसलात. चकचकीत दिसताय अगदी! पण निघताना घरात कुणीतरी विचारलं असेल, मला नेतोस का रे कीर्तनाला? आणि तुम्ही म्हणालात, उद्या.

खाली का बघताय? देऊळ घराजवळच आहे तुमच्या. उठा. घेऊन या तिला, हात धरून. तोवर मी आरती पेटवत नाही.