कांदं घ्या, पिल्लं सोडा

मंडळी, डिंगोऱ्याचं समदं भाऊबंद, पिंपळवंडीचं पावणं, आन् खाडीवरनं घाट चढून आलेलं नाखवाभाऊ, समद्यांना राम राम. मी सखारामची थोरली बहीण. ज्याला कडेवर खेळवला, त्यो गेल्यावर त्याच्याबद्दल असं उभं राहून बोलायचं म्हंजी जीभ उचलत न्हाई. पण रडले तर वरनं म्हणंल, "अक्के, माईक भिजवला की!" म्हणून हसतच बोलते.

सख्या लई बोलका. टेम्पोत कांदा भरून घाटाखाली खाडीवर जायचा आन् तिथंच गप्पा हाणत बसायचा. एकदा नाखवाभाऊंच्या जाळ्यात मुशीचं, म्हंजी शार्क माशाचं, पिल्लू घावलं. भाऊ म्हणलं, ही जात आता संपत आली, पावणं. झालं! सख्यानं घरच्या शेततळ्यात मिठाच्या गोण्या वतल्या. मुशी पाळायची म्हणं! अरं, डिंगोऱ्यात मुशी? मग परत खाडीवर जाऊन दुसरं जित्तं पिल्लू पिंपात घालून निघाला, ते माळशेज चढायच्या आत गेलं. आन् हिकडं मंगलनं, त्याच्या बायकूनं, तेच पाणी टमाट्याला सोडलं. समदा प्लॉट करपला. आता हसतीस व्हय गं मंगल? तवा त्याला चहासुदिक देत नव्हतीस!

पुढच्या खेपंला नाखवाभाऊंनी त्याला झापला. म्हणलं, मुशी खाडीत येऊन विते. पाणी उथळ, गोडं-खारं मिसळलेलं. मोठा मासा सहसा आत येत न्हाई. पिल्लं हितंच अंग धरत्यात, मग दर्यात जात्यात.

सख्या म्हणला, "म्हंजी ही वाघरच की!" आमी मेंढरं राखलेली माणसं. कोकरं आत ठेवायची जाळी ती वाघर. वाघरीतलं कोकरू आमच्यात कुणी विकत न्हाई, कितीबी नड असू द्या. सख्यानं तेच धरलं, "मग ही पिल्लं बाजारात का नेता?"

नाखवाभाऊ म्हणलं, "सोडली तर घरी काय शिजवू?"

सख्यानं टेम्पोची दोरी सोडली. "कांदं घ्या, पिल्लं सोडा."

तवापासनं हाच वेव्हार. जित्तं पिल्लू पाण्यात, कांदा नाखवाभाऊंच्या घरात. गावानं येडा म्हणलं. म्हणू द्या की! शहाण्यांनी काय दिवं लावलं?

आज सकाळी नाखवाभाऊंनी मला हळूच इचारलं, "अक्का, आता काय करू? पिल्लं सोडू, का बाजारात नेऊ?" भावकीत तर टेम्पो विकायची बोलणी चाललीती. तवर मंगल उठली. खुंटीवरची चावी काढली आन् पदराला बांधली. म्हणली, "सोडा, भाऊ. कांदं मी आणते."

कुणीतरी म्हणलं, दुखवट्यात बाईमाणूस घाट उतरणार? व्हय, उतरणार. येत्या बाजारी मंगल स्टेरिंगवर आन् मी शेजारी. कुणाला काय म्हणायचं आसंल त्यानं गोण्या भरायला यावं, तिथं म्हणावं.

आता उभं ऱ्हावा. सख्या जल्मात गप बसला न्हाई. फकस्त पिल्लू सोडताना गप व्हायचा. गुडघाभर पाण्यात वाकून हात उघडायचा, आन् ते दिसंनासं होईस्तवर एक सबुद काढायचा न्हाई. आपुनबी तेवढंच गप ऱ्हाऊ. जा बाबा सख्या, सोडला तुला.