काशिनाथानं भाजलेलं सँडविच

मंडळी, मला एक सांगा. पानात वाढलेलं सगळं संपवायचं, बोटं चाटायची आणि वर त्याला नावं ठेवायची. ही चोरी नाही, लबाडी नाही, कुणाला मारलेलं नाही. मग हे पाप आहे की नाही?

पुढचे पुरुष म्हणतात, नाही. मागे बायका बसल्यात, त्या काहीच बोलत नाहीत. ठीक आहे, ऐका मग.

एका बंदरावर काशिनाथ चोगले नावाचे गृहस्थ होते. बर्फाचा कारखाना, निर्व्यसनी माणूस, देवळात पहिला नमस्कार त्यांचा. बायको हिरावती. तिच्या हाताला अशी चव, की शेजारी नुसत्या वासावर दोन घास जास्त जेवायचे! पण काशिनाथांना एक खोड. घास गिळला की म्हणायचे, "बरं झालंय, पण..." पण मीठ जरा. पण आंबट जरा. पण आमची आई करायची ते वेगळं. आता आई गेली देवाघरी, तिला विचारायला कोण जाणार?

एकदा दोघं ठाण्याला लेकीकडे गेली. तिथं नातीनं आजोबांना ट्यूना आणि चीजचं ग्रिल सँडविच खायला घातलं. ट्यूना म्हणजे घाबरू नका, आपला कुपा. डब्यात बसला की इंग्रजी बोलतो! तुम्ही म्हणाल, बुवा, तुमच्या गळ्यात माळ आणि तोंडी मासा? अहो, मी खात नाही. पण तुमच्या बंदरावर येऊन पडवळाचं आख्यान लावलं, तर थांबाल का कुणी?

घरी आल्यावर काशिनाथ म्हणाले, "हिरा, तसलं कर. नातीच्यापेक्षा वरचढ."

तिनं केलं. ताजा कुपा मीठ-हळद लावून वाफवला, काटे काढून मोकळा केला. त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि दोन चमचे घट्ट चक्का. पावावर खाली चीज, वर चीज, मध्ये कुपा. बाहेरून लोणी. मंद आचेवर तवा, आणि वर जड पातेलं दाबून ठेवलं. मी न खाणारा, तरी सांगताना जीभ घसरते, देवा सांभाळ!

काशिनाथांनी दोन खाल्ली. मग म्हणाले, "बरं झालंय, पण ठाण्याचं कुरकुरीत होतं."

हिरावतीनं पदराला हात पुसले. रागावली नाही. म्हणाली, "रविवारी तुम्ही करा. मी आक्कांना जेवायला बोलावते."

आक्का म्हणजे काशिनाथांची थोरली बहीण. एकाच आईची लेकरं. जीभ दोघांची एकाच साच्यातली!

रविवारी काशिनाथ ओट्यापाशी उभे राहिले. कांदा चिरताना रडले. चष्मा लावून काटे काढले. मग गॅस मोठा केला, कारण मंद आच म्हणजे पुरुषाला अपमान वाटतो. पाव कोळसा, आतलं चीज गार. ते मांजरानंही हुंगून सोडलं. मग आच कमी केली, वर वरवंटा ठेवला, तव्यापुढून हलले नाहीत. पलटलं, तर सोनेरी! पहिलं पोर झाल्यासारखे बघत राहिले.

आक्कांना आणि हिरावतीला वाढलं. आक्कांनी सगळं संपवलं, तोंड पुसलं.

"बरं झालंय, काशी," त्या म्हणाल्या. "पण लिंबू जास्त झालं. आणि आई असती ना, तर..."

"आक्का, सकाळपासून उभा आहे मी. सगळं खाल्लंस ना?"

"खाल्लं म्हणून तर सांगते."

काशिनाथांनी आपली ताटली उचलली आणि आत ओट्यापाशी उभ्यानंच खायला लागले. हिरावती मागून आली.

"बसा की आक्कांजवळ."

"नको. बसलं की ती बोलते."

एवढं बोलले आणि घास तसाच हातात राहिला. कारण त्यांचं जेवण उरकल्यावर हिरावती कित्येक वर्षं तिथंच, तशीच उभ्यानं जेवत होती. आणि हे गावभर सांगत होते, बायको फार कामसू!

घास ताटलीत ठेवून त्यांनी विचारलं, "तुला कसं लागलं?"

"छान लागलं," ती म्हणाली. ते पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. तो आलाच नाही.

"हिरा, तुझं माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं."

"माहीत आहे मला," हिरावती म्हणाली, आणि त्यांची ताटली घेऊन बाहेर निघाली. आक्कांसमोर आपल्या ताटलीशेजारी ठेवली. दोघं बसली. आक्कांनी तोंड उघडलं, तसं काशिनाथांनी त्यांच्या पानात दुसरं सँडविच वाढलं.

तर मंडळी, पाप की नाही? मी सांगत नाही. तुम्ही सगळे पुरुष मघापासून हसताय. आता जरा मान वळवा आणि मागे बघा, तुमची घरची माणसं हसतायत का.

नाही ना? मग देवाचं नाव तिकडेच तोंड करून घ्या!