पांढऱ्या लेबलाखाली

मी, बान ह्ये-रान, वय ५८, धंदा केसांची व त्वचेची प्रसाधने कोरियातून आणून येथे विकणे, राहणार विलोडेल, टोरांटो, आज स्वतः ठाण्यात येऊन, विचारल्याप्रमाणे सांगते ते असे की,

मंगळवारी दुपारी माझ्या गोदामात मालाची मोडतोड झाली. ती करणारे पांग सोक-जू, वय ४७, हे माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. आमचे चर्च एकच आहे. ते शाळेची बस चालवतात. त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला तर त्यांना पुन्हा शाळेच्या बसवर कोणी बसवणार नाही, हे मला माहीत आहे. मंगळवारी फोनवर तक्रार देतानाही ते माहीत होते. विमा कंपनीचा माणूस म्हणाला, पोलिसांत तक्रार नसेल तर भरपाई विसरा. मी रागातही होते. तोही जबाबात यावा.

माल कोणता असे विचारल्यावरून सांगते की, तो केस काळे करण्याचा रंग होता. या देशात असा माल विकायचा तर खोक्यावर आणि आतल्या बाटलीवरही सगळे इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत लागते. नाव, वजन, आत काय काय घातले आहे, आणणाऱ्याचा पत्ता. केसांच्या रंगाला तर वेगळा इशारा सक्तीचा आहे. आधी थोडा रंग कातडीवर लावून पाहावा, आणि भुवयांना व पापण्यांना अजिबात लावू नये, दृष्टी जाऊ शकते, असा.

माझी पहिली खेप याच कारणाने अडकली होती. फ्रेंच अक्षरे बारीक होती. माल बंदरावर पडून राहिला आणि सणाचा हंगाम हातचा गेला. दुधाने तोंड पोळले म्हणून पुढच्या खेपेला मी ताकही फुंकून प्यायले. कागदपत्रे पाहणारे श्री. ग्रोंदँ यांच्याकडून प्रत्येक शब्द तपासून घेतला, अक्षरे मोठी केली आणि पांढरी लेबले छापून आणली. फ्रेंच भाषा जागा फार खाते. लेबल खोक्याच्या अख्ख्या पाठीवर पसरले.

माझ्याकडे तेरेसिता नावाची बाई कामाला आहे. ती आणि मी समोरासमोर बसून लेबले चिकटवत होतो. ती म्हणाली, "मॅडम, या रस्त्यावर फ्रेंच वाचणारं एक गिऱ्हाईक दाखवा, मी आज चहा पाजते."

मी म्हणाले, "गिऱ्हाईक कुठे वाचतंय? सरकार वाचतं. तू सरळ चिकटव, वाकडं बसलं तर तुलाच उखडायला लावीन."

लेबल पाठीमागेच का लावले असे विचारल्यावरून सांगते की, पुढच्या बाजूला कंपनीचे नाव आणि एका देखण्या बाईचा चेहरा असतो. आमच्या बायका तो चेहरा बघून माल घेतात. तो झाकून कोणी धंदा करत नाही. पाठीमागे कंपनीने कोरियन भाषेत छापलेला मजकूर होता, तो लेबलाखाली गेला. मला तो जाताना दिसत होता. मी स्वतः अंगठ्याने दाबून लेबल बसवत होते. आमच्या धंद्यात सगळे असेच करतात. लेबल सरकारसाठी आणि माल आपल्या माणसांसाठी, असा आमचा हिशेब. आपल्या बायका प्रत्येक सणाआधी केस रंगवतात, त्यांना वाचून दाखवायला त्या काय कालच्या पोरी आहेत, असे मला वाटले. सरकारी तपासणीत माझ्या लेबलात एकही दोष निघाला नाही. परवापर्यंत हे मी चारचौघांत मिरवून सांगत होते.

पांग सोक-जू यांच्या आई मो बोंग-न्यो, वय ७९, यांना मी लग्न होऊन या देशात आले तेव्हापासून ओळखते. चर्चच्या स्वयंपाकघरात किमचीचा, म्हणजे आमच्या आंबवलेल्या तिखट लोणच्याचा, सगळा कारभार त्यांच्याकडे आहे. मला त्या सोराची आई म्हणतात, सोरा माझी मुलगी. मागच्या हिवाळ्यात मुळा चिरायला बसले तर त्या म्हणाल्या, "सोराच्या आई, मुळा चिरतेस की त्याच्यावर सूड उगवतेस?" त्यांना इंग्रजी येत नाही. दुकानातले आकडे आणि बसचे नंबर तेवढे येतात. केसांचा रंग त्या माझ्याकडूनच घेत. याच खेपेतले एक खोके रविवारी मीच त्यांच्या हातात दिले. पणतूचा पहिला वाढदिवस जवळ आला होता.

आमच्याकडे तो दिवस मोठा. बाळासमोर दोरा, पैसे, पेन मांडतात, ते काय उचलते ते बघतात आणि सगळ्या घराचा फोटो काढतात. बोंग-न्यो यांनी तरुणपणी गावातल्या इतर बायकांबरोबर भुवया गोंदवून घेतल्या होत्या. सगळ्यांच्या एकाच बाईने गोंदल्या, म्हणून आमच्या चर्चमधल्या चार-पाच म्हाताऱ्यांच्या भुवया सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. आता ते गोंदण हिरवट पडले आहे. फोटोत हिरव्या भुवया नकोत म्हणून त्यांनी केस रंगवून झाल्यावर उरलेला रंग भुवयांना लावला. तो ओघळून डाव्या डोळ्यात गेला. धुतला, पण उशिरा. आग होते म्हणजे रंग चांगला चढतोय असे त्यांना वाटले. डॉक्टर म्हणतात, त्या डोळ्याला उजेड कळेल, माणूस ओळखू येईल की नाही ते सांगता येत नाही.

मंगळवारची हकीकत अशी. पांग सोक-जू दुपारी गोदामात आले. हातात तेच खोके होते. तोपर्यंत मला बोंग-न्यो यांच्या डोळ्याचे काहीच कळले नव्हते, म्हणून मी म्हणाले, "काय रे, आईने बदलून आणायला पाठवलं का? छटा आवडली नाही वाटतं."

ते पुढे आले. माझ्यासमोर उभे राहून नखाने लेबल खरवडू लागले. चांगल्या प्रतीचा डिंक होता, लेबल सहज निघेना. मी म्हणाले, "अरे, ते काढू नकोस, मग विकता येत नाही." हे वाक्य मी बोलले आणि ते तसेच लिहून घ्यावे.

अर्धे लेबल निघाल्यावर त्यांनी खालच्या कोरियन ओळी मोठ्याने वाचल्या. त्या लाल अक्षरांत आहेत. भुवयांना आणि पापण्यांना लावू नका, डोळा जाईल. मग ते म्हणाले, "ताई, आईने लावायच्या आधी खोकं उलटं करून पाहिलं होतं. मला म्हणाली, मागे सगळं पांढरं आणि इंग्रजी होतं, म्हणून ठेवून दिलं."

मी म्हणाले, "कायद्याने जे लागतं ते सगळं त्यावर आहे. फ्रेंचमध्येसुद्धा आहे."

यानंतर त्यांनी मांडणी ओढून पाडली. मग दुसरी पाडली. मला किंवा तेरेसिताला हात लावला नाही. बाटल्या फुटून वास कोंडला आणि तेरेसिता खोकू लागली, तेव्हा त्यांनीच जाऊन गोदामाचे शटर वर केले आणि तिला म्हणाले, "मावशी, तुम्ही बाहेर थांबा, हे तुमच्या छातीला चांगलं नाही." पोलीस येईपर्यंत ते बाहेर फुटपाथवर बसून होते. पळून गेले नाहीत.

काल मी रुग्णालयात गेले. सोक-जू दारात होते, त्यांनी मला आत जाऊ दिले. बोंग-न्यो यांच्या डोळ्यावर पट्टी होती. त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि माझीच क्षमा मागितली. म्हणाल्या, "सोराच्या आई, माझ्या म्हाताऱ्या हौसेपायी तुझ्या मालाचं वाटोळं झालं गं. तुला फोन करून विचारणार होते, पण म्हटलं, कामाची बाई, कशाला त्रास." मला रडू आले. मी त्यांच्यासमोर रडले नाही, गाडीत बसून रडले.

गाडीतूनच मी श्री. ग्रोंदँ यांना फोन केला. विचारले, इंग्रजी आणि फ्रेंच ठेवून खालचा कोरियन इशाराही उघडा ठेवला असता तर चालले असते का? ते म्हणाले, "चाललं असतं की. लेबल बाजूच्या अंगावर वळवून लावता आलं असतं. कायद्यात मनाई कुठे आहे? तुम्ही कधी विचारलं नाहीत."

तक्रारीबद्दल माझे म्हणणे काय असे विचारल्यावरून सांगते की, पांग सोक-जू यांच्यावर गुन्हा नोंदवू नये अशी माझी विनंती आहे. निर्णय पोलिसांचा आहे, हे मला समजावून सांगितले आहे. विमा मिळाला नाही तरी माझी हरकत नाही. उरलेला माल मी विक्रीतून काढून घेतला आहे. तेरेसिता आणि मी त्यावरची लेबले काढत आहोत आणि विकल्या गेलेल्या खोक्यांसाठी घराघरांत फोन करत आहोत. माझे लेबल कायद्याप्रमाणे होते, याबद्दल मला शाबासकी नको आणि शिक्षाही मागायची नाही. आपल्याच माणसांना त्यांच्या भाषेत सांगितलेली गोष्ट मी माझ्या हाताने झाकली, एवढे माझ्या नावावर राहावे.

हा जबाब मी इंग्रजीत दिला आहे. अंमलदारांनी तो इंग्रजीत वाचून दाखवला आणि सही करायला सांगितले. मी कोरियन दुभाष्या मागितला. अंमलदार म्हणाले, "बाई, तुमचं इंग्रजी तर माझ्यापेक्षा बरं आहे." मी म्हणाले, "हो, तरी बोलवा." दुभाष्या येईपर्यंत मी बाकावर बसून राहिले. त्याने जबाब पहिल्या ओळीपासून माझ्या भाषेत वाचला. डोळ्याच्या ओळीपाशी मी त्याला थांबवून ती पुन्हा वाचायला लावली. त्यात लिहिलेले सर्व खरे आहे, आणि ते मला कळले आहे.

सही : बान ह्ये-रान